गंजेल तेच बरं

वेसाव्याच्या धक्क्यावर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या स्टीलच्या डब्यात पोळीभाजीऐवजी बारा जिग होते. एकेक जिग मऊ चिंधीत वेगळा गुंडाळलेला. शिशाचं डोकं, त्यावर पांढरा रंग, पाठीवर निळी झाक, बाजूला टिकलीएवढा लाल डोळा आणि वरून लॅकरचे दोन हात. नाखव्याने त्यातला एक चिमटीत धरला, उजेडाकडे फिरवून बघितला आणि विचारलं, "ह्ये कानात घालायचं का पान्यात?"

धक्क्यावरचे दोन खलाशी हसले. मीही हसलो. मला ते कौतुक वाटलं होतं. कौतुक नव्हतं, हे कळायला पुढचे तीन तास लागले.

मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात डाय-मेकर आहे. चोवीस वर्षं झाली. बाटल्यांची झाकणं, बटणं, स्विचची खोकी यांचे साचे आम्ही बनवतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली तर झाकण फिरत नाही, त्यामुळे आमच्याकडे 'चालतंय' हा शब्द चालत नाही. साच्याची आतली भिंत आरशासारखी घासावी लागते. तिच्यावर राहिलेला ओरखडा पुढच्या लाखभर झाकणांवर उमटतो. आणि शनिवारी संध्याकाळी मशीन पुसून, तेलाचा हात फिरवल्याशिवाय शटर ओढायचं नाही. मुंबईची हवा एका रात्रीत चकचकीत पोलादावर तांबूस बोटं उमटवते. उस्तादाने मला पहिल्या दिवशी लेथ शिकवली नव्हती, तेलाचं फडकं कसं धरायचं ते शिकवलं होतं. गंज म्हणजे शत्रू. हे सगळं अंगात मुरवून मी समुद्रावर गेलो होतो.

जिगची ओळख झाली ती एका गिऱ्हाइकामुळे. झाकणाच्या ऑर्डरीसाठी आलेल्या त्या गृहस्थांनी खिशातून एक जपानी जिग काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "असे पन्नास करून द्याल का? बाहेरून मागवायला फार पडतात." रविवारी रॉड घेऊन मढ, मार्वे, मनोरीच्या खडकांवर उभे राहणाऱ्यांपैकी ते एक. मी गळ बघितले होते, पण हे प्रकरण नवं होतं.

साध्या गळाला वजन वेगळं बांधतात. वजन तळाला बसतं, गळ त्याच्या आजूबाजूला तंगुसावर लोंबतो आणि पाण्याची ओढ वाढली की दोघं एकमेकांना गुंडाळून घेतात. जिगमध्ये शिसं गळाच्या मानेवरच ओतलेलं असतं. त्यासाठी गळही वेगळा लागतो: दोर बांधायची कडी जिथे असते तिथे त्याची दांडी काटकोनात वाकवलेली. ती कडी शिशाच्या डोक्यातून वर निघते. त्यामुळे जिग पाण्यात आडवा लोंबतो आणि गळाचं टोक वर, आभाळाकडे राहतं. खाली खडक असला तर आपटतं ते शिसं. टोक मोकळं राहतं. इतक्याशा वाकड्या तारेत केलेला हा विचार बघून मी त्या माणसाला चहा पाजला आणि पैसे ठरवायच्या आधी काम घेतलं.

अॅल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांत अर्धी-अर्धी गोळी कोरली, गळ बसायला चर पाडली, ठोकळे चुकू नयेत म्हणून दोन डॉवेल पिना ठोकल्या, वर शिसं ओतायला नरसाळ्यासारखं तोंड ठेवलं. शिसं टायरवाल्याकडून आणलं. चाकाचा तोल साधायला लावतात त्या पट्ट्या. पहिल्या घाण्याला दहापैकी सात डोकी नाक नसलेली निघाली. शेजारच्या गाळ्यात पितळ ओतणारे एक चाचा होते. त्यांनी लांबूनच सांगितलं, "साचा थंडा है. और मुँह काला करो उसका." शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि गार धातूला टेकलं की कोपऱ्यात पोचायच्या आत थिजतं. म्हणून साचा आधी तापवायचा, आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून आतून काजळी चढवायची; काजळीचा तो पातळ पापुद्रा शिशाला क्षणभर उसंत देतो. चोवीस वर्षं ज्या भिंती आरशासारख्या घासल्या, त्यांतली एक मी हाताने काळी केली. मनाला ते पटलं नाही, पण नाकं आली.

दुसरा धडा जुलैत मिळाला. पत्र्यातून गळलेला पाण्याचा थेंब साच्याच्या तोंडात बसला होता. मी वरून शिसं ओतलं. थेंबाची वाफ झाली आणि शिसं उलट वर उडालं. डाव्या मनगटावर तीन पांढरे डाग आहेत, ते त्या दिवसाचे. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

पन्नास जिग देऊन झाले, पण साचा माझ्याकडे होता आणि डोक्यात किडा शिरला होता. गाळ्यातल्या हेल्परची सासुरवाडी वेसाव्याची. त्याच्या ओळखीने नाखव्याची गाठ पडली. असल्फ्याहून पहाटेची पहिली मेट्रो पकडायची, वर्सोवा स्टेशनला उतरायचं, सात बंगल्यावरून धक्क्यापर्यंत रिक्षा. २०१४च्या जूनमध्ये ही मेट्रो सुरू झाली नसती, तर माझा समुद्र घाटकोपरपर्यंत आलाच नसता. वाटेत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था लागते, १९६१ सालची. तिच्याबद्दल विचारलं की नाखवा म्हणतो, "ते मासलीचं कालेज. आमचं कालेज अजून पुढं हाय, त्याला भिंत नाय."

त्या कॉलेजचा पहिला पाठ तिथीचा होता. नाखव्याचा खरा धंदा डोलीचा. डोल म्हणजे तोंड वासलेली लांब पिशवीसारखी जाळी. ती पाण्यात पक्की रोवून ठेवायची आणि भरती-ओहोटीच्या लोटाबरोबर बोंबील, करंदी, जवळा आत येऊ द्यायचा. डोलीला पळायचं नसतं, पाण्याने पळायचं असतं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिचे दिवस. सप्तमी-अष्टमीनंतर भांग लागतो, पाण्याचा जोर ओसरतो, आणि डोल रिकामी लोंबते. गळाचं नेमकं उलटं. उधाणाला आमच्या किनाऱ्यावर पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. त्या ओढीत शंभर ग्रॅमचा जिग तळाला टेकतच नाही, पतंगासारखा मागे वाहत जातो. भांगाला तो सरळ खाली जातो. "उधानाला पानी आमचं, भांगाला तुमचं," असं नाखव्याने वाटप करून टाकलं. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ते दोन महिने सोडले तर भांगाच्या रविवारी तो मला छोट्या होडीतून नेऊ लागला.

भरतीची वेळ काढायला त्याला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी सोडायला तेवढं पुरतं. मी घरी कालनिर्णयवर भांग आणि रविवार एकत्र येतील त्या तारखांना लाल गोल करू लागलो. बायको म्हणाली, "इतकी वर्षं संकष्टीसुद्धा मला सांगावी लागायची."

त्या पहिल्या रविवारी दशमी होती. मढचा किल्ला उजव्या अंगाला मागे टाकला, आणखी अर्धा तास गेलो आणि आठ वाव पाण्यात नांगर टाकला. मी एकेक दागिना खाली सोडत होतो. जपानी माणसांचे व्हिडिओ पाहून शिकलो होतो तसे झटके देत होतो: वर, खाली, वर, खाली. तीन तासांत काही नाही. समोर नाखवा मांडीवर तंगुसाची रीळ घेऊन, एका बोटावर दोर धरून बसला होता. शिशाचा गोळा, एक गळ, त्याला कोळंबी. त्याने दोन ढोमे घेतले, एक शिंगाळा घेतला, आणि एक करकरा घेतला, जो होडीत पडल्यावर नावाप्रमाणे दात करकरा चावत राहिला.

शेवटी त्यालाच माझी दया आली. "पान्यात हात घाल," तो म्हणाला. मी घातला. "बोटं दिसतात?" मनगटापर्यंत दिसत होतं, पुढे चहा. खाड्यांचा गाळ, शहराचा मैला, दिवसातून चार वेळा फिरणारं पाणी. हे सगळं ढवळलेलंच असतं. "तुलाच तुझी बोटं दिसत नाय, मंग मासलीला तुझा रंग कसा दिसंल? पान्यात मासली डोल्यानं नाय, नाकानं चालते."

मग त्याने माझ्याच एका जिगवर, त्या लाल डोळ्याच्या दागिन्यावर, माकुलाची बोटभर लांब पट्टी ओवली आणि खाली सोडायला सांगितलं. झटके द्यायचे नाहीत. तळाला टेकवायचा, एक वीत उचलायचा, धरायचा. दुसऱ्याच वेळी दोर जड झाला आणि सरळ खाली, खडपाच्या दिशेने ओढला गेला. हेकरू एकदा बिळात शिरला की गेला, म्हणून नाखवा ओरडला, "उचल, इचार नको करू!" दीड किलोचा हेकरू होता. त्याच्या जबड्यात अडकलेल्या जिगकडे बघितलं, तर रंग अर्धा खरवडून गेलेला आणि माकुलाची पट्टी तशीच चिकटलेली.

'गळाला लागला' असं आपण म्हणतो, तेव्हा कुणीतरी फसला असा अर्थ असतो. मला वाटायचं की जिग म्हणजे त्या फसवणुकीची कला आहे: शिशाला मासा असल्याचं सोंग द्यायचं. लक्षद्वीप-अंदमानच्या काचेसारख्या पाण्यात ते सोंग चालतही असेल. वेसाव्याच्या पाण्यात सोंग बघायला कुणी नाही. इथे शेवटी गळाला काहीतरी खरं लावावं लागतं, आणि त्याला वास यावा लागतो. जिगचं काम फक्त ते खरं तळापर्यंत नेऊन पोचवणं. हमालाचं काम. मी हमालाला दागिने घातले होते.

तेव्हापासून आमिषाचा अभ्यास सुरू झाला आणि त्यात माझी डाय-मेकरची खोड उपयोगी पडली: वही. तिथी, पाण्याची ओढ, वजन, आमिष, तळ, काय लागलं, काय गेलं. बोंबील सगळ्यांत सोपा मिळतो, पण तो म्हणजे निव्वळ पाणी. तळाला पोचेपर्यंत गळ नागडा. बांगड्याच्या पट्टीला तेल सुटतं आणि वास लांब जातो, पण लहान ढोमे कडेने कुरतडून नेतात. कोळंबी सगळ्यांना आवडते. तिच्या शेपटीचा पंखा मात्र कापायचा, नाहीतर ती पाण्यात पंख्यासारखी फिरते आणि दोराला पीळ बसतो. हे समजायला मी दोन रविवार आणि पन्नास मीटर दोर घालवला. माकूल सगळ्यांत टिकाऊ: चिवट, पांढरं, गळातून सहज न सुटणारं. पट्टी एकाच टोकाला टोचायची, दुसरं टोक मोकळं सोडायचं. दोनदा टोचली की ती चामड्याच्या तुकड्यासारखी निपचित पडते.

बाजारात माकूल घ्यायला गेलो की कोळीणमावशी विचारायच्या, "रस्सा करनार का तलनार?" एकदा खरं सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला. "माकूल मासलीला घालतोस? आनि घरी काय नेतोस, शिंगाला?" बाजूच्या चारजणींना हाक मारून त्यांनी ही बातमी दिली. आता मी गेलो की न विचारता कडेचे फाटके तुकडे वेगळे काढून देतात आणि पैसे घेताना म्हणतात, "मासलीचं जेवन घे."

शिंगाळ्यावरून आठवलं. त्याच्या मिशांवर, अंगावर चव कळायची इंद्रियं असतात. गढूळ तळाशी चाटतच तो फिरतो, म्हणून आमिष लावलेल्या जिगला सगळ्यांत आधी पोचतो तोच. पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक करवती काटा. गळ काढताना तो माझ्या अंगठ्यात गेला. कोपरापर्यंत ठणका. नाखव्याने इंजिनावर ठेवलेल्या किटलीतलं पाणी सोसवेल तितकं गरम करून त्यात हात बुडवायला लावला. तासाभरात ठणका निम्म्यावर आला. ते विष उष्णतेने निकामी होतं, हे मी नंतर वाचलं. नाखव्याला ते त्याच्या आज्याने सांगितलं होतं.

खरा धडा मात्र बोटांचा होता. एका सकाळी नाखव्याने माझ्या हातातला रॉड काढून घेतला, नुसता दोर दिला आणि म्हणाला, "डोले मिट. खाली काय हाय?"

जिग सोडला. मनात आकडे मोजले. आठव्याला थांबला.

"दगड," मी म्हणालो.

"नीट सांग."

उचलला, टेकवला. टक् असा आवाज कानाला नव्हता, बोटाला होता. हातभर सरकवला, आता टक् नव्हतं, कर्र होतं, पापड मोडावा तसं. शिंपल्या. होडी थोडी वाहिली. आता टेकल्याचं कळलंच नाही, पण उचलताना काहीतरी धरून ठेवल्यासारखं झालं आणि मग सुटलं. चिखल. मी न पाहता सांगत गेलो आणि नाखवा नुसता हुंकार देत गेला. दहा मिनिटांनी म्हणाला, "फिटर, तुझी बोटं बरी हायत."

ती बोटं गाळ्याने दिली होती. पॉलिश केलेल्या साच्यावरचा जो ओरखडा डोळ्याला दिसत नाही, तो आम्ही नखाने शोधतो. माझी चकाकी समुद्राने नाकारली, पण नख ठेवून घेतलं. त्यानंतर मी न ताणणारा, विणलेला दोर वापरू लागलो, कारण तंगूस खालची खबर वर येईपर्यंत अर्धी गिळतो. हळूहळू कोण कसं बोलतं ते कळू लागलं. ढोमा टकटक करतो, दारावर ओळखीचा माणूस यावा तसा. वाम नुसती ओढत नाही, पिळते. ती आली की दोराची जिलबी होते. चिंबोरी काहीच करत नाही, फक्त वजन वाढतं. पाकट आधी तळच अडकल्यासारखं लागतं आणि मग तो तळ चालू लागतो. त्याला होडीत घ्यायचं नाही, शेपटीच्या नांगीपासून लांब राहून दोर कापायचा. २०१३च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी किती जणांना हिसका दाखवला होता, ते मुंबईला आठवत असेल.

आणि एक आणखी असतं, त्यालाही वजन असतं. ते वाहत्या पाण्याबरोबर झुलतं, पण मान हलवत नाही. ती पिशवी.

पहिल्या वर्षी मी पिशवी आणि पाकट यांत फसायचो. वेसाव्याच्या वाळूवर कचऱ्याचे ढीग होते ते लोकांनी पाहिले. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह या वकिलांनी ते उपसायला सुरुवात केली, माणसं जुळत गेली, आणि २०१८च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे चालत गेली. वाळू दिसते, म्हणून झाडता येते. आठ वाव खाली झाडू पोचत नाही.

एका पिशवीत चिखलाबरोबर निळं झाकण आलं. पाण्याच्या बाटलीचं असावं. मी ते धुतलं आणि सवयीने मधला बिंदू शोधला, जिथून साच्यात प्लास्टिक शिरतं. कडेवरून नख फिरवलं. साच्याच्या दोन भागांची रेघ लागतही नव्हती. आटे तसेच धारदार. किती वर्षं खाली होतं कोण जाणे, पण ज्याने तो साचा केला त्याने काम चोख केलं होतं. आमच्या गाळ्यातला तो साचा नव्हता. असता तरी मला अभिमानच वाटला असता, आणि त्याच गोष्टीने मी गप्प झालो. नाखव्याने विचारलं, "काय झालं?" मी झाकण खिशात टाकलं.

त्या संध्याकाळी वही उघडली ती 'काय गेलं' या रकान्यासाठी. टोक वर असलं तरी खडप ते खडप. फटीत शिसंच अडकतं. दोन वर्षांत शंभराच्या वर जिग खाली राहिले होते. सरासरी ऐंशी ग्रॅम धरले, तर आठ किलो शिसं मी स्वतःच्या हाताने काजळी देऊन, नाकंडोळे काढून, मढच्या समोर पेरलं होतं. शिसं विषारी; पोरांना मी वितळवायच्या जागेपाशी फिरकू देत नव्हतो. इंग्लंडात गळाची बारीक शिशाची वजनं गिळून हंस मरायला लागले, तेव्हा १९८७पासून तिथे ती विकायला बंदी आली. आपल्याकडे हंस नाहीत. पण खडपात तोंड घालणारे पालू आहेत, चिंबोऱ्या आहेत, आणि ते खाणारे आपण आहोत.

टंगस्टनचा विचार केला. शिशाहून जड, पण किंमत ऐकून मी आमच्या कार्बाइडच्या टूलकडे आदराने बघू लागलो. मग गाळ्याच्या कोपऱ्यात बघितलं. भंगारवाला दर महिन्याला नेतो ते साध्या पोलादाचे तुकडे. सोळा मिलिमीटर जाडीची सळई, सव्वासहा सेंटीमीटरचा तुकडा, जेमतेम शंभर ग्रॅम. गळ त्यावर वेल्ड करता येत नाही. तापला की गळाचं पाणी उतरतं आणि पहिल्याच हेकरूला तो सरळ होतो. म्हणून सळईला बाजूने खोल चर पाडली, गळाची दांडी आत बसवली आणि व्हाइसमध्ये दाबून चर मिटवली. दोन्ही टोकं लेथवर गोल केली. तेवढ्याच वजनाला पोलाद शिशाच्या जवळपास दीडपट जागा घेतं, त्यामुळे पाणी त्याला जास्त ढकलतं. आठ आकड्यांत पोचणारा जिग आता दहा-अकराला पोचू लागला. उधाणाच्या आसपासच्या दिवसांत तो निकामी. पण ते दिवस तसेही डोलीचे.

रंग दिला नाही. तेलही नाही. पहिला तुकडा लेथवरून उतरला आणि हात आपोआप फडक्याकडे गेला. मी तो मागे घेतला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

मे महिन्याच्या शेवटच्या फेरीला मी समुद्राचं पाणी बाटलीतून घरी आणलं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं, त्यात एक पोलादी जिग टाकला आणि बरणी खिडकीत ठेवली. बायकोने वास घेतला आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आठवड्यात पाणी पिवळं झालं. जूनअखेर बरणीच्या तळाशी तांबडा गाळ बसला आणि जिगच्या अंगावर खपल्या आल्या. रोज संध्याकाळी गाळ्यात मशीनला तेल लावून मी घरी यायचो आणि खिडकीत गंज कितपत पुढे सरकला ते बघायचो. थोरल्या मुलीने विचारलं, "बाबा, हा खराब होतोय का चांगला?"

नारळी पौर्णिमेला बरणी घेऊन वेसाव्याला गेलो. होड्यांना नवा रंग, पताका, धक्क्यावर ही गर्दी. नाखव्याने पांढरा सदरा घातला होता. त्याने बरणी हातात घेतली आणि आतला जिग हलवला. पाणी चहासारखं झालं.

"किती दिस टिकंल?"

मी हिशेब करून नेला होता. समुद्रात साधं पोलाद वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं झिजतं. सोळा मिलिमीटरची सळई, दोन्ही बाजूंनी. "ऐंशी वर्षं," मी म्हणालो. "गळ आधी जाईल. सात-आठ वर्षांत."

"ऐंशी!" तो हसला. "तवर आपन दोगं नाय."

"शिसं तेव्हाही तसंच असेल."

त्याने मान डोलावली. लहानपणी बापाच्या जाळ्याला भोक पाडलेले दगड असायचे, असं तो म्हणाला. जाळं कुजायचं, दगड दर्यातच राहायचा, कुणाचं काय बिघडत नव्हतं. मग बरणी मला परत दिली. "वीस कर. भांगाला लागतील. आनि फिटर, घासत बसू नको."

माझा पहिला जिग अजून आहे, खरवडलेल्या रंगाचा, एकच लाल डोळा शिल्लक राहिलेला. तो मी पाण्यात टाकत नाही. गाळ्यात लेथच्या वर खिळ्याला टांगलेला असतो, शेजारी ते निळं झाकण. शनिवारी मशीन पुसताना दोघांवरही तेलाचं फडकं फिरवायची गरज नसते. दोघंही गंजत नाहीत.